जिथं जायचं नाही तिथं पाणी मार

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी असेल, म्हणजे तुम्ही सुट्टीवर आणि आम्ही ड्युटीवर. मी अग्निशमन दलात आहे. "ऑफिसात का?" असं विचारू नका, सगळेच विचारतात. गाडीवर! लाल गाडीवर, पाण्याचा पाइप धरणारी. कंत्राटी आहे, पण आग काही कंत्राट पाहून लागत नाही. संपादकताई म्हणाल्या, तू बोलते तसंच लिही, म्हणून मी फोनवर भराभर टाइप करून राह्यली. काही उलटंसुलटं झालं तर त्यांनी पाहून घ्यावं.

आणि मले आगीबद्दल लिहायचंच नाही. मले रॉकेटबद्दल लिहायचं आहे.

थांबा, हसू नका. बुलढाणा जिल्ह्यात रॉकेट कुठून आलं म्हणाल, तर बाटलीतून आलं. माझ्या नोकरीतल्या पहिल्या दिवाळीचा पहिला कॉल कुटाराचा होता. कुटार म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरलेला भुसा, जनावरांसाठी ढीग रचून ठेवतात. कोणाचं तरी रॉकेट सुटलं, वर न जाता आडवं गेलं आणि त्या ढिगात घुसलं. आम्ही पोचलो तर मालक रिकामी बाटली हातात धरून उभा.

"साहेब, बाटली तं मी सरळच धरली होती," तो म्हणे.

आमचे कादरभाई गाडीवरचे प्रमुख. दाढी पांढरी, आवाज सायरनसारखा. ते म्हणाले, "बाटली सरळच असते भाऊ. पिणारा तिरपा असते."

आग विझली. मले राखेत त्या रॉकेटची नळी सापडली. बोटाएवढी पुठ्ठ्याची नळी, खालून मातीचं बूच आणि बुचाले बारीक भोक. मी ती किती वेळ पाहत बसली. एवढ्याशा भोकातून धूर मागे जातो आणि नळी आभाळात जाते. तिले ढकलते कोण? बाटली नाही ढकलत, ती फक्त दिशा दाखवते. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. क्रिया, प्रतिक्रिया, समान, विरुद्ध, सगळं पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि अंगाले लागणं वेगळं.

अंगाले लागलं ते खामगावकडच्या एका जिनिंगमध्ये. जिनिंग म्हणजे जिथं कापसातून सरकी वेगळी काढतात. कापसासोबत एखादा खडा नाहीतर खिळा मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते. ती ठिणगी कापसासोबत ढिगात जाऊन गुपचूप बसते. वरून ढीग पांढराशुभ्र, आत अंगार. आणि कच्च्या कापसाले पाणी लवकर भिजवत नाही. त्याच्यावर निसर्गाचं मेण असते, पाणी मोत्यासारखं घरंगळून जाते. म्हणून पाणी नुसतं ओतून चालत नाही, जोरात मारून ढीग फोडावा लागतो.

ते जोरात मारायचं काम ब्रांचचं. पाइपाच्या टोकाले असलेल्या पितळी तोंडाले आम्ही ब्रांच म्हणतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या हातात आली.

"दोन गोष्टी ध्यानात ठेव," कादरभाई म्हणाले. "ब्रांच कायम संकटाकडं धराची. आणि सोडाची नाई. नवरा सुटला तं चालते, ब्रांच नाई."

"भाई, माझं लग्न नाही झालं."

"मंग सोपं हाय तुले. धर."

मागे गाडीवर भगवानदादा होते, आमचे ड्रायव्हर आणि पंप चालवणारे. त्यांनी पंपाचा गिअर टाकला. पाइप अजगरासारखा फुगत फुगत आला आणि मग पाणी सुटलं. मले वाटलं कोणी समोरून छातीवर लाथ मारली. समोर कोणीच नव्हतं! पाणी पुढं चाललं होतं आणि मी मागे. खाली सगळी सरकी सांडलेली, गोल गोल दाणे, आणि मी त्याच्यावर उभ्याउभ्या, ब्रांच छातीशी धरून, स्केटिंग केल्यासारखी मागे मागे जाऊन राह्यली. हमाल आग सोडून माझ्याकडं पाहत होते. शेवटी कादरभाईंनी मागून येऊन आपला खांदा माझ्या पाठीले लावला, तेव्हा कुठं थांबली.

त्या रात्री मले झोप नाही आली. भीतीनं नाही, आनंदानं! पुस्तकात जी गोष्ट दोन ओळीत होती ती माझ्या बरगडीत दुखत होती. तुम्ही पाण्याले फेकलं की पाणीही तुम्हाले फेकते. तुम्ही जड, जमिनीत पाय रोवून उभे, म्हणून तुम्हाले कळत नाही. पायाखालची जमीन काढून घ्या, सरकी टाका, लगेच कळते. रॉकेट म्हणजे दुसरं काही नाही, सुटलेली ब्रांच आहे.

मी दुसऱ्या दिवशी हे कादरभाईंना सांगितलं. त्यांना नाही पटलं.

"पाणी जाऊन ढिगावर आपटते," ते म्हणाले, "त्याचा धक्का मागे येते. रॉकेटचं बी तसंच. धूर जमिनीवर आपटते, हवेवर आपटते, म्हून ते वर जाते."

"मग चंद्राच्या वाटेवर काय करते ते? तिथं जमीन नाही, हवा नाही."

"म्हूनच मले ते पटत नाई."

"भाई, आपटायची गरजच नाही. हातातून सुटतानाच धक्का बसते."

"पुस्तकात हाय?"

"हाव."

"मंग राहू दे पुस्तकात."

हा वाद मग चहाच्या वेळचा वाद झाला. केंद्रात काम नसलं की भगवानदादा मुद्दाम काडी टाकत, "काऊन भाई, चंद्रावरचं पटलं का?" आणि आमचं सुरू. कादरभाई जिद्दीचे. डोळ्यानं पाहिल्याशिवाय ते सासऱ्याचंही ऐकत नसत, असं ते स्वतःच सांगत.

आता ज्याच्यासाठी लिहाले बसली ते सांगते.

पावसाळा होता. सातपुड्यावर रात्रभर कोसळला आणि सकाळी खालच्या गावांत नदी शिरली. आमची गाडी वरवट बकालच्या पुढं एका छोट्या गावाच्या मदतीले पाठवली. गाडीमागे रबरी बोट, बोटीचं इंजिन आणि दोघांनी उचलायचा छोटा पंप. गाव उंचावरच्या शाळेत जाऊन बसलं होतं. फक्त एक घर राह्यलं होतं, नदीकडच्या शेतात. धाब्याचं घर, म्हणजे भिंती मातीच्या आणि वरचं सपाट छतही मातीचंच. चारी बाजूंनी पिवळं पाणी आणि त्या छतावर दोन माणसं.

मनकर्णामाय आणि त्यांचे मालक तुळशीरामबाबा. बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, चालता येत नाही.

"पहाटे सांगतलं होतं निघा म्हून," काठावरचा एक गावकरी म्हणाला. "माय म्हणे, कापूस तेवढा वर चढवते, मंग निघतो."

बाहेरच्यांना वाटेल, पावसाळ्यात कसला कापूस? तर मागच्या हंगामातला. आमच्याकडं भाव पडला की लोक कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. खोल्या छतापर्यंत कापसानं भरलेल्या आणि माणसं ओसरीत झोपतात. सगळ्यांच्या अंगाले खाज. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणता म्हणता पुढच्या पेरणीचे दिवस येतात. तसा त्यांचा कापूस घरातच होता आणि माय एकटीनं गाठोडी बांधून छतावर चढवत होती. त्यात नदीनं घर घेरलं.

आम्ही बोट सोडली. इंजिन छान चाललं, थोडा वेळ. मग घर्रर्र करून गप्प. शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळ्या वाहून आल्या होत्या आणि पंख्याभोवती अशा गुंडाळल्या होत्या की सोडवता येईनात. त्यातच बोट बुडालेल्या बाभळीवर गेली, तिथून रेटताना एक वल्हं मोडलं. काठावरच्या लोकांनी बोटीले बांधलेला दोर ओढून आम्हाले परत आणलं. दोर घरापर्यंत पुरत नव्हता, अर्ध्यापर्यंतही नव्हता. एका वल्ह्यानं बोट नुसती गोल फिरते. दुसरी बोट जिल्ह्यावरून निघाली होती, पण मधला रस्ताच पाण्याखाली.

आणि तेव्हाच समोरच्या घराचा एक कोपरा गेला. पडला नाही, विरघळला. चहात बिस्किट जाते ना, तसा. छतावर माय बाबांना धरून दुसऱ्या कोपऱ्याकडं सरकली.



मी पंपाकडं पाहिलं. मग बोटीकडं. मग परत पंपाकडं. माझ्या बरगडीत ते जिनिंगमधलं दुखणं उठलं, खरं सांगते!

"भाई," मी म्हटलं, "पंप बोटीत ठेवू. नदीचंच पाणी ओढू आणि ब्रांचनं मारू. बोट जाईल."

कादरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं."

"आन् नाई गेली तं?"

"तर दोर आहेच. तो संपायच्या आत कळेल."

त्यांनी घराकडं पाहिलं. छत एका बाजूनं झुकलं होतं. ते म्हणाले, "चढव."

फळी टाकून पंप मधोमध ठेवला. त्याचा जाड नळ बाजूनं पाण्यात सोडला. नळाच्या टोकाले जाळी असते, कचरा आत जाऊ नये म्हणून. भगवानदादा पुढच्या टोकाले, हातात ते एकच वल्हं. कादरभाई आणि मी ब्रांच धरून. पंप सुरू झाला, पाइप फुगला, "मार!" आणि आम्ही दोघांनी, अगदी एका अंगानं, ती रोखली सरळ घराकडं!

सवय हो! संकटाकडं धरायची सवय! पाणी धो धो घराच्या दिशेनं उडालं आणि बोट तितक्याच इमानदारीनं मागे, काठाकडं निघाली.

"अबे उलटं चाल्लो ना बे!" भगवानदादा ओरडले. "वाचवाले आलो का भिजवाले?"

काठावर इतक्या टेन्शनमध्येही लोक हसले. छतावरून माय ओरडली, "पाणी कमी पडलं काय रे आमाले?"

मी लाजेनं लाल. कादरभाईंना म्हटलं, "भाई, पाठ करा. घराकडं पाठ करा!" त्यांना जीवावर आलं. सगळी नोकरी आगीच्या तोंडाकडं तोंड करून उभं राहणारा माणूस. पण आम्ही वळलो, ब्रांच काठाच्या बाजूले रोखली, गुडघे बोटीच्या बुडात रोवले आणि...

आणि बोट निघाली.

हे कसं सांगू? इंजिन नाही, दोर ओढणारं कोणी नाही, वारा नाही. मागे फक्त पाणी चाललं होतं, पांढरी कमान करून, आणि त्याच्या बदल्यात आम्ही पुढं चाललो होतो. धक्का पाण्यातून ब्रांचले, ब्रांचमधून माझ्या छातीले, छातीतून गुडघ्याले, गुडघ्यातून बोटीले. बोट माझ्या हाडांतून ढकलली जाऊन राह्यली होती. काठ दूर जात होता. लोक लहान होत होते. आणि जिथं चाललो ते घर आम्हाले दिसतच नव्हतं, ते पाठीमागे. रॉकेटमध्ये बसलेल्याले जायचं ठिकाण दिसत नाही, सोडलेलंच दिसते, हे मले तेव्हा कळलं.

दिसत होतं फक्त भगवानदादांना. ते ओरडत, "उजवीकडं!" आणि आम्ही उलट्या तोंडानं बसलेलो, आमचं उजवं त्यांचं डावं. बोट गरागरा फिरली.

"उजवं-डावं बंद!" कादरभाई गरजले. "निंबाकडं का पुलाकडं, थे बोल!"

वरच्या बाजूले एक कडुनिंब होता, अर्धा पाण्यात. खालच्या बाजूले पूल, त्याच्यावरून पाणी चाललेलं. ओढ आम्हाले पुलाकडं नेत होती आणि त्या पुलाच्या कठड्यात बोट अडकली असती तर मी हे टाइप करत नसती.

"पूल जवळ येऊन राह्यला!" दादा ओरडले.

"मग पाणी पुलाकडं मारा!" मी म्हटलं. "जिथं जायचं नाही तिथं पाणी मारा!"

ब्रांच पुलाकडं वळवली, बोट निंबाकडं सरकली. बस. एवढंच गणित. जिथं जायचं नाही तिथं पाणी मार. कादरभाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"म्हंजे ब्रांच शेवटी संकटाकडंच ना बे!" ते म्हणाले. "मी काय सांगून राह्यलो होतो तुले?"

दोर मध्येच कधी तरी संपला. दादांनी मागे वळून विचारलं, "सोडू का?" कादरभाईंनी मान हलवली. दादांनी सोडला.

घराशी पोचलो. आता ब्रांच बंद, नाहीतर बोट भिंतीवर आदळायची. बाबांना आधी घेतलं, हलके होते, चिमणीसारखे. मग माय. माय उतरेना.

"पह्यले कापूस घ्या."

"माय, घर चाल्लं!" दादा म्हणाले.

"मले दिसून राह्यलं ना! अर्धा बोंडअळीनं खाल्ला, उरला त्याले भाव नाई. आता हा बी नदीले देऊ? पह्यले कापूस घ्या, नाई तं मी बी नाई येत."

खालच्या खोलीतला कापूस तर गेलाच होता. वर आणलेली गाठोडी होती, सहा का सात, पावसानं भिजलेली. मेण थोडा वेळ टिकते, पहाटेपासूनच्या पावसापुढं नाही, ती दगडासारखी जड झाली होती. मी कादरभाईंकडं पाहिलं. आमच्या कामात सामान घ्यायचं नाही हा नियम. पण पायाखालचं छत हलत होतं आणि वाद घालाले वेळ नव्हता. त्यांनी एकेक गाठोडं उचललं आणि बोटीत टाकलं. शेवटचं गाठोडं मायनं स्वतः आणलं आणि त्याच्यावरच बसली.

दादांनी वल्ह्यानं बोट भिंतीपासून रेटली. पंप सुरू. आता काठाकडं जायचं, म्हणजे काठाकडं पाठ आणि घराकडं तोंड. बोट जड झाली होती, तेवढंच पाणी, तेवढाच जोर, पण चाल बैलगाडीची. म्हणून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मायनंही. घर मधूनच बसलं. आवाज असा नाहीच, एक मोठा श्वास सोडल्यासारखं. आणि त्याच्या आतून कापूस निघाला. खोल्या भरून कापूस. पिवळ्या पाण्यावर पांढरा पसरत पसरत आला, जसं कोणी शेत उलटं करून पाण्यावर ठेवलं. एवढी सुंदर आणि एवढी वाईट गोष्ट मी एकदमच कधी पाहिली नव्हती.

मायनं बाबांच्या डोक्यावर पदर धरला, त्यांना दिसू नये म्हणून.

आम्ही ओढीच्या विरुद्ध जोर लावून होतो, त्यामुळे तो कापूस वाहत वाहत आमच्याजवळ आला, बोटीभोवती जमला आणि पंपाच्या जाळीले चिकटला. पंपाचा आवाज बदलला. ज्यांनी पंप चालवला त्यांना तो आवाज माहीत आहे, ढेकर दिल्यासारखा. ब्रांच खोकली, थुंकली आणि गप्प.

"हवा धरली!" कादरभाई म्हणाले. मी नळ वर ओढला, जाळीवरचा कापूस ओरबाडला, परत सोडला. परत चिकटला. सगळीकडं कापूसच.

काठ दिसत होता. लोकांचे चेहरे दिसत होते. त्यांनी दोराले रिकामी प्लास्टिकची कॅन बांधून आमच्याकडं फेकली. कमी पडली. परत फेकली. कमी पडली. थोडीशीच! दोन-चार हात. आणि आम्ही हळूहळू पुलाकडं सरकत होतो, दादा एकट्या वल्ह्यानं पाणी कापत होते आणि बोट नुसती तोंड फिरवत होती.

"काही तरी मागे फेका," मी ओरडली. "पाणी नाही तर दुसरं काही! जड पाहिजे! जोरात फेका, काठाच्या उलट!"

कादरभाईंनी पंपाकडं पाहिलं. "सरकारी हाय," ते म्हणाले, आणि लगेच नळ सोडवाले लागले. पण पंप फळीले बांधलेला, गाठी भिजून घट्ट बसलेल्या.

मग सगळ्यांनी मायच्या गाठोड्यांकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.   

मायनंच विचारलं. "हे फेकल्यानं बोट तिकडं जाईन?"

"जाईल माय."

"खरं सांग. कितीक?"

मी खोटं नाही बोलली. "थोडीच. हातभर. वीतभर."

ती उठली. कादरभाई म्हणाले, "माय, तुमी बसा, मी फेकतो." ती म्हणाली, "हात नोको लावू. गाडीवर गाठोडे फेकू फेकू जनम गेला माह्या. फक्त मले धर."

कादरभाईंनी गुडघे रोवून तिले मागून कमरेले धरलं, जसा त्या दिवशी माझ्या पाठीले खांदा लावला होता तसं. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं, झोका दिला, एक, दोन, आणि सोडलं.

आता नीट ऐका, कारण मले आयुष्यभर हेच सांगायचं आहे. गाठोडं तिच्या हातातून सुटलं. ते अजून हवेत होतं. पाण्याले लागलं नव्हतं, कशावर आपटलं नव्हतं. आणि माझ्या गुडघ्याखाली बोट काठाकडं सरकली. आधी बोट सरकली, मग मागे धप् आवाज आला.

कादरभाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.  

"अजून!" मी म्हटलं. माय फेकत गेली. प्रत्येक गाठोड्याले बोट थोडी सरकायची आणि प्रत्येक गाठोड्याले हलकी व्हायची, म्हणून पुढच्याले आणखी थोडी जास्त सरकायची. हेच! हेच तर रॉकेट करते! आपल्यातलंच काढून मागे टाकते, हलकं होते, आणखी पुढं जाते. हे समीकरण मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. तेव्हा त्यातल्या वस्तुमानाच्या त्या एका अक्षराले खरंच वजन आहे, ते कोणी तरी वेचलेलं असते, हे कुठं माहीत होतं?

कॅन पडली, बोटीच्या अगदी काठाशी. दादांनी वल्ह्यानं ओढून घेतली. दोर हातात आला.

मायच्या मांडीवर एक गाठोडं राह्यलं होतं. तिचा झोका सुरू झालेला. कादरभाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बस माय. पोचलो."

ती थांबली. गाठोड्याकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं. मग ते खाली ठेवून परत त्याच्यावर बसली.

काठावर चहा आला. बाबांना ट्रॅक्टरमधून शाळेत नेलं. कादरभाई बुटातलं पाणी काढत बसले होते. मी जवळ गेली तर खाली पाहतच म्हणाले, "गाठोडं पाण्यात पडाच्या आंधी हालली ना बोट?"

"हाव भाई."

"मी पाह्यलं."  त्यांनी मोजा पिळला, मग मान वर केली. आभाळात ढगच ढग. "म्हंजे थो वर जाणारा, त्याच्या मागं खरंच काई नसते?"

"काहीच नाही. फक्त त्यानं फेकलेलं."

"या अल्ला," ते म्हणाले, आणि तसेच वर पाहत राह्यले. चहा त्यांचा गार झाला.

लोक म्हणतात, पूर म्हणजे भयंकर. हाव, भयंकरच. घर गेलं, खोल्या भरून कापूस गेला, आणि आम्ही थोडं लवकर निघालो असतो तर, हा विचार मले अजूनही अधूनमधून येते. पण मले तो दिवस आठवला की आधी भीती नाही आठवत. साठीतली एक बाई झोका देऊन गाठोडं सोडते आणि सगळ्या जगाचा नियम माझ्या गुडघ्याखालून सरकते, ते आठवते. हाच नियम चंद्राकडं नेते. तोच आम्हाले चार हात काठाकडं घेऊन आला. त्याले आम्ही लहान होतो की मोठे, काही फरक पडला नाही.

परवा एक एस.टी. कंडक्टर केंद्रात पिशवी देऊन गेला. मायनं पाठवली. त्यांना शाळेमागे पत्र्याची खोली मिळाली आहे. पिशवीत वाती होत्या. हातानं सरकी काढून, हातानं वळलेल्या, पिवळसर. त्या एका गाठोड्याच्या. निरोप एवढाच, की दिवाळीले लावा.

दिवाळीले अजून वेळ होता, पण भगवानदादांनी लगेच पणती आणली, तेल आणलं. मी वात ठेवली. काडी ओढणार तेवढ्यात कादरभाई आतून ओरडले, "ए! फायर स्टेशनात उघडा दिवा? नोकरी घालवतं का माही?"

मी काडी परत पेटीत ठेवली. वात तेलात भिजत राह्यली.

ते बाहेर आले. दोन्ही हातात वाळूनं भरलेली लाल बादली. पणतीच्या बाजूले ठेवली, नीट, हँडल आमच्याकडं करून. कमरेवर हात ठेवून वाऱ्याची दिशा पाहिली.

"हां," ते म्हणाले. "आता लाव."